तीन पाण्यांतली

पारोच्या वरच्या अंगाला
छपरांवर मिरच्या वाळत घातलेल्या.
खाली चुलीपाशी देचेन
चीजच्या रश्शातली एकच मिरची उचलते,
कान तुटलेल्या कपात विसळते,
पाणी वाडग्यात ओतून पुन्हा, आणि पुन्हा,
मग तीन वर्षांच्या योझेरला भरवते.
ठसका. नाकातून धार.
"हं, अजून एक घास."

पाचव्या वर्षी दोन पाणी.
सातव्या वर्षी एकच,
तेही नुसतं दाखवल्यासारखं.
आणि एके दिवशी शाळेच्या डब्यात
अख्खी, देठासकट.
तो रडला नाही असं नाही,
मास्तरांकडे पाठ करून रडला.

आता तो ट्रक घेऊन
दोन-दोन महिन्यांनी घरी येतो.
देचेनच्या पोटात व्रण.
डॉक्टरनं बोट नाचवून सांगितलंय: मिरची बंद.
तांबड्या भातापुढे ती पोरासारखी रुसून बसते.

योझेर फडताळात तोच कप शोधतो.
एक पाणी.
दुसरं.
तिसरं.
लुळी, फिकुटलेली मिरची भातावर ठेवतो.

ती चाखते. "ह्याला मिरची म्हणतोस?"
आणि तो बाहेर ओतायला निघालेला वाडगा
त्याच्या हातातून काढून घेते.
तांबूस, तवंग आलेलं पाणी.
डोळे मिटून,
घोटघोट.