गुडघा

उद्यमनगरात पंपांचे साचे भरून झाले
की तळाशी उरलेलं बीड
दस्तगीर मिस्त्री मला देतात, किलोच्या भावानं,
उधारीवर. वही त्यांच्याकडे.

गेल्या साली एका पुढाऱ्याचा पुतळा केला.
समितीनं तीनदा पोट कमी करायला लावलं;
त्यातनं खोलीचं भाडं सुटलं.
मुंबईच्या गॅलरीला हवंय इंग्रजीत एक पान :
हे काय आहे, आणि का आहे.

परवा साचा फोडताना मिस्त्रींनीही विचारलं,
"ह्यो कुठला पार्ट म्हनायचा, ताई?"

"आईचा गुडघा. गुऱ्हाळात,
चुलवाणापुढं बसलेला."

"हां," म्हणाले. वाळू झटकली.
एवढ्या-तेवढ्या फुग्यांवरनं बोट फिरवलं.
मग स्वतःचाच गुडघा धरून
हळूच उठले,
वही न उघडता.