सातवा रकाना

शारजा, रोल्याच्या मागची गल्ली.
पंधरा दिरहमला एक अर्ज टाईप करतो मी.
झुवेना बिन्त सालिम काठी टेबलाला टेकवून बसली.

जन्मस्थळ?
झांझिबार, म्हणाली. मग, नको,
मागच्या खेपेला परत आला होता.
चौसष्ट साली बापानं होडीत ढकललं
तेव्हा अंगणभर लवंगा वाळत होत्या.
कुणी भरल्या असतील रे?
जणू मी शेजारीच राहत होतो.

यादी खाली सरकवतो.
पासपोर्ट कोमोरोसचा, पैसे भरून दिलेला.
ते बेट तिनं कधी पाहिलेलं नाही.
टिचकी मारतो.

आणि तुझं गाव?
धरणात.
मी जन्मलो त्याआधीच बुडालं.
माझ्या कागदावर आहे: पुनर्वसन वसाहत, क्रमांक तीन.
मे महिन्यात पाणी उतरलं की
आमच्या गुरांची दगडी डोण दिसते म्हणे.
मी गेलेलो नाही.

ती एकेक नाणं मांडू लागते.
मोजा, म्हणते.
मी मोजायला हात पुढे करतो.
हसते. तिच्या भाषेत मोजा म्हणजे एक.
म्बिली. तातू. न्ने.

दहानंतर ती अरबीत शिरते.