कापड कुठलंय?

रविवार पेठेत काउंटरवर मी म्हटलं, 'मशीनची सुई द्या.'
कपासीभाई चष्म्यावरून बघतात:
'कापड कुठलंय?'
डॉक्टरनं विचारावं, दुखतंय कुठं, तसं.

मलमलीला नऊ. पॉपलिनला अकरा, चौदाही चालते.
जीन्सला सोळा, आणि जाड शिवणीवर
पाय काढून घ्यायचा, चाक हातानं फिरवायचं.
बनियनच्या कापडाला गोल टोकाची:
ती धागा तोडत नाही,
त्याला बाजूला सारून जाते.

हे मला उशिरा कळलं.
लोहियानगरात, दुकानाच्या पहिल्याच वर्षी,
सुमित्रा पोरेंच्या रेनकोटची बाही
सोळानं वाकडी शिवली, उसवली, पुन्हा शिवली.
सुती असतं तर एका धुण्यात मिटली असती भोकं.
रेनकोट काहीच विसरत नाही.
त्या बोलल्या नाहीत. पैसे दिले, सुट्टे.
मग पावसाळाभर दिसायच्या बसस्टॉपवर,
डाव्या खांद्यावर
ठिपक्यांची एक ओली ओळ.

'अहो, कापड?'

पिशवीत त्यांच्याच नातीचं झबलं आहे,
कापून ठेवलेलं, फुंकरीनं उडेल असं.
काल स्वतः आणून दिलं त्यांनी.

'नऊ,' म्हणते मी. 'दोन द्या.'
आधी चिंधीवर टोचून बघेन.