पोटाखाली चार बोटं

सकाळी सात. मिरामार.
तीन इटालियन गाड्या ओळीत
आणि त्यांच्या मागे मी, ओम्नी घेऊन:
जॅक, पाण्याचे कॅन,
ओल्या फडक्यात गुंडाळलेले पोई.

गाईड एर्मेलिंदा. कार्डावरचं वाचते:
मोदेना गावात गाड्या होतात, आणि व्हिनेगर.
माळ्यावर पिंपात ठेवतात,
पोर लग्नाला येईपर्यंत.
मग कार्ड खाली करून म्हणते,
आमचा माडाचा. दोन महिन्यांत तयार.
एवढा धीर कुणाला आहे इथे!

रायबंदरला फेरी लागली
आणि पिवळीचं नाक उताराला टेकलं.
पोटाखाली जेमतेम चार बोटं जागा.
सहाशे घोडे उभे,
खलाशी फळ्या शोधतोय.
पाटी घेतलेली मासळीवाली म्हणाली,
"हिका उपाशीं दवरल्या कितें रे?"

तेवढ्यात दाभाडकरांचे वडील उतरले,
उतरले कसले, वर आले.
आत बसणं म्हणजे विहिरीत उतरणं, म्हणाले,
आणि माझ्या शेजारी येऊन बसले ते दिवसभर.

दिवाडीत पोई आणि अळसांद्यांचं तोणाक.
मुलानं बशीशेजारी किल्ली ठेवून फोटो काढला.
म्हाताऱ्यानं रस्सा पुसून घेतला, बोटानं.

नार्व्याला दुसरी फेरी. पलीकडे माझा तालुका.
ह्या रस्त्यावर चौदा वर्षं टिपर चालवला मी,
दिवसाला सात खेपा.
खाण बंद झाली, रस्ता रुंदच राहिला,
म्हणून कंपनीनं निवडलाय.
तिघी सुटल्या. आवाज गेला पुढे,
मागे आमच्या काचेवर
ओळखीची धूळ.

"हा डोंगर अर्धाच का?"
बाकीचा बोटीत बसून गेला, मी म्हटलं.
कोण जाणे, गाडी होऊन फिरायला आला असेल परत.
"नाही रे," म्हातारा म्हणाला,
"ह्यांच्यात लोखंड फारसं नसतं."
टूलरूममध्ये छत्तीस वर्षं काढलेली त्यांनी.
मी गप्प.

सांखळीला जेवण. खतखतें, उकडा भात, बिमलीचं लोणचं.
त्यांनी एक तेफळ चिमटीत धरलं: हे काय?
चावू नका, एर्मेलिंदा म्हणाली,
वास दिला की त्याचं काम संपलं.
त्यांनी चावलंच.
मग बराच वेळ जीभ बाहेर काढून
लहान मुलासारखे हसत बसले,
आणि मुलगा पहिल्यांदा
फोनशिवाय त्यांच्याकडे बघत होता.

संध्याकाळी पिवळी शेडमध्ये लावायला मला दिली.
टिपरमधून लोकांच्या परसातल्या दोरीवरचे कपडे दिसायचे.
हिच्यातून पुढच्या गाडीची नंबर प्लेट,
बस.
पोयांचंच फडकं घेऊन पुसायला वाकलो,
पोटाखाली हात घातला.
अजून गरम होतं.
फेरीच्या फळीची एक ढलपी
अडकली होती तिथे.