हवा कुठून खातंय

कळंबोलीच्या स्टील मार्केटमागे
रविवारी वजनकाटा बंद असतो.
ट्रेलर ओळीने उभे, आरशांवर बनियन वाळत.
तिथल्या रिकाम्या प्लॉटवर मी माझा ट्रक उतरवते,
पुरता हातभरही नाही लांबीला.
"पोराचा का?" टायरवाला विचारतो.
नाही, माझा.
मग तो पंक्चर शोधण्यात उगाचच गढून जातो.

तीन रविवार हेच.
ग्लो प्लगची तार लालबुंद होते, म्हणजे तिचा दोष नाही.
दोरी ओढली की इंजिन उठतं गांधीलमाशीसारखं,
थ्रॉटल सोडला तरी खाली येत नाही,
वरच्या पट्टीतच किंचाळत राहतं
आणि मधेच
गप्प.
पुन्हा दोरी. बोटांवर वळ.

मी सुया फिरवल्या.
मोठी सुई अदपाव फेरा बाहेर
(किराण्याचं माप आहे, पण दुसरा शब्द सुचत नाही).
धूर दाटला, एरंडेलाचा वास,
लहानपणी नाक दाबून पाजायचे तोच.
इंजिन ठसकलं, प्लग ओला.
प्लग काढून, ट्रक उलटा धरून दोरी ओढली
तर भोकातून सगळी पिचकारी माझ्या कुर्त्यावर.
मग सुई आत. धूर नाहीसा.
डोक्यावर पाण्याचा थेंब सोडला,
टेकतो न टेकतो तोच छस्स.
म्हणजे तापलंय. म्हणजे उपाशीपोटी धावतंय.
पुन्हा बाहेर.
वहीत तारीख, फेरे, थेंब किती सेकंद टिकला.
तळोज्याच्या लॅबमध्ये सहा दिवस हेच करते मी,
तिथे निदान आकडे ऐकतात.

चौथ्या रविवारी हसन मुलाणी आले,
डिझेल पंपाचे मिस्त्री, मूळचे कराडकडचे,
एका हातात चहाचा ग्लास.
उकिडवे बसले, गुडघे कडकडले.
स्क्रू-ड्रायव्हरची मूठ कानाला, टोक इंजिनाला,
डोळे मिटून, जसं आत कुणी कुजबुजतंय.
"बाई, सुईला कशापायी छळताय?
हे कुठनंतरी हवा खातंय."

टाकी काढली, रिकामी केली.
टायरवाल्याच्या टबात, जिथं ट्यूबा बुडवतात
त्या काळ्या पाण्यात, माझी काडेपेटीपेक्षा थोडी मोठी टाकी.
एका नळीवर बोट, दुसरीला सायकलचा पंप.
"हळू," मुलाणी म्हणाले, "ही काय बसची ट्यूब नाही."
आम्ही तिघं वाकून.
काही नाही.
काहीच नाही.
मग सायलेन्सरकडून येणारी नळी जिथं झाकणाला भिडते तिथं,
मोहरीएवढा एक बुडबुडा.
बराच वेळ घेऊन
दुसरा.

केसाएवढी चीर.
टाकीत दाब टिकेना, म्हणून पेट्रोल नव्हे, ते काय ते मिथेनॉल, पोचेना,
आणि मी तीन रविवार
नणंदेचं बिनसलं म्हणून जावेची समजूत काढत होते.

चिरलेलं टोक ब्लेडने छाटलं,
उरलेली नळी ओढून बसवली, पुरली कशीबशी.
सुया कंपनीने दिल्या होत्या त्या जागी.
दोरी. एकदाच.
थ्रॉटल सोडला, आणि ते खाली आलं,
जिना उतरून आल्यासारखं, एकेक पायरी,
आणि तिथंच गुरगुरत बसलं.
इंधनाची नळी चिमटीत धरली:
एक, दोन, आवाज किंचित चढला,
तीन, विझला.
बरोबर.
मुलाणी काही बोलले नाहीत, थंड चहा संपवला.

मग मी त्याला सोडलं.
खडीवरून उड्या मारत, मागे निळसर धुराचा दोरा,
अख्ख्या ट्रेलरच्या पोटाखालून शिरून
पलीकडे निघाला.
वर झोपलेला क्लीनर दचकून उठला,
आपलीच गाडी कुणी चालू केली म्हणून
आधी हँडब्रेक तपासला त्याने.

वहीत:
मोठी सुई साडेतीन फेरे. छोटीला हात लावू नये.
थेंब: चार सेकंद.
नवी नळी आणणे, अर्धा फूट.
मुलाणींचा चहा बाकी.