सीटची उंची

औंधच्या आयटीआयमध्ये मी मशीन ड्रॉइंग शिकवते,
तेव्हा साहजिकच आधी तक्ता केला.
जुन्या जर्नलच्या कोऱ्या पानावर, एचबी पेन्सिलनं:
पिवळी. पांढरी.
वजन, सीटची उंची, पोटाखालची मोकळी जागा,
पुढचं चाक एकवीस इंची, दोघींचंही.
शेऱ्याच्या रकान्यात बरेच दिवस काही लिहिलं नाही.

पिवळी बसकी, भरभक्कम, एकशे नव्याण्णव किलो.
तिच्यावर बसलं की माझी दोन्ही पावलं जमिनीवर सपाट,
रेशनच्या रांगेत उभी असल्यासारखी.
पांढरी काटकुळी, एकशे अठ्ठावीस,
पण सीट आठशे नव्वद मिलिमीटरवर.
मी पाच फूट एक इंच.
तांबोळींनी आकडेमोड केली नाही,
नुसतं माझ्या चपलांकडे पाहिलं.

नाना पेठेत, स्पेअर पार्टांच्या दोन दुकानांमधल्या बोळात
त्यांचं गॅरेज.
"चढून काय बघता, मॅडम?
आडवी करा. मग उचला.
गाडी पडल्यावरच कळते."
कार्ब्युरेटर पुसत म्हणाले, वर न बघता,
म्हणून मी ते फारसं मनावर घेतलं नाही.

ऑक्टोबरातला रविवार.
यशोधनच्या मेहुण्याची पिवळी एका दिवसासाठी मागून आणलेली.
बोपदेव चढून वर, डांबर संपतं तिथून आत.
गवत पिकायला लागलेलं, मोज्यांत कुसळं.
सुटे दगड, चाकोऱ्या, माझ्या चुका,
सगळं तिनं थोरल्या जावेसारखं पोटात घातलं.

मग ओढा.
ओढा कसला, पाणी गेलेलं, शेवाळ राहिलेलं.
पुढचं चाक डावीकडे गेलं, मी उजवीकडे,
आणि ती शांतपणे आडवी झाली,
म्हशीनं डबक्यात बसावं तशी.

पाठ सीटला लावायची, गुडघ्यांत वाकायचं,
हँडल आणि मागचा दांडा धरून
पावलापावलानं मागं रेटायचं.
मला पाठ होतं. आकृतीसकट.
ती गुडघ्याएवढी वर आली. परत बसली.
तिसऱ्या वेळी मीही बसले तिच्याशेजारी.
टाकीतून पेट्रोल थेंब थेंब,
एक टिटवी मला अद्वातद्वा बोलत होती,
आणि खाली धुरकट उन्हात कोंढव्याचे टॉवर,
इतके जवळ
की कुणी गॅलरीत काय वाळत घातलंय ते सांगता यावं.

वीसेक मिनिटांनी वरून स्कूटर आली.
साधी स्कूटर. आरसा एकच.
पायांत दुधाचा कॅन, मागं पेंडीचं पोतं,
पोत्यावर एक मुलगी, पेरू खात.
हेल्मेटवर कॅमेरा लावून आम्ही ज्याला ट्रेल म्हणतो
तो त्यांचा डेअरीचा रस्ता.
त्यानं स्कूटर स्टँडला लावली, मुलीनं पेरू खिशात ठेवला,
तिघांनी मिळून उचलली.
"एवढी जड कशाला घेतली, ताई?"
"माझी नाही," मी म्हटलं.
किती पटकन म्हटलं, ते ऐकून मीच चमकले.

पिवळीवर राग नाही.
तिच्यावरून मी स्पितीला जाणार होते,
पंधरा वर्षं जाणार होते.
स्पिती आहे तिथंच आहे.
तिच्यावर पाय टेकतात, तर ती उचलवत नाही.
हिला उचलता येतं, तर पाय टेकत नाहीत.
तिसरी कुणी बनवत नाही.

पांढरी घेतली.
तांबोळींनी सीटचा फोम पाऊण इंच तासला,
"आणखी कापला तर पत्र्यावर बसाल."
जाड तळव्यांचे बूट माझे मी घेतले.
तरी थोडं अंतर उरतंच.

आता खडी मशीन चौकात, सिग्नलला,
मागं टँकर, शेजारी रिक्षा,
आकडे एकशे चाळीसवरून सावकाश उतरतायत,
आणि मी किंचित डावीकडे कललेली,
उजवा पाय हवेत,
सगळा भार डाव्या अंगठ्यावर.
रिक्षावाला मान बाहेर काढून विचारतो,
"पुरते का, मॅडम?"
"नाही," मी म्हणते.
हिरवा पडतो.