हिरवी रेघ

मे महिना. कर्वेनगरात पंखा गरम वारा फेकतोय
आणि जेवणाच्या टेबलावर आल्प्स पसरलाय,
कोपऱ्यावर लोणच्याची बरणी, नाहीतर गुंडाळतो.

काळी उतरण कौस्तुभची. लाल माझी म्हणे;
सिंहगडसुद्धा मी बसून उतरते, कुणी काढलं नाही.
निळी मुलांना.
हिरवी, अगदी नवख्यांची, कुणालाच नको.

"मी खाली बसेन कॉफी पीत," विजूमावशी.
"गुडघा नवा आहे. वॉरंटी कुणाला विचारू?"
कागदावर मग तिचं नाव घातलंच नाही.

रात्री पाणी प्यायला उठले.
स्वयंपाकघरात, पुसलेल्या फरशीवर,
माझे लोकरी मोजे घालून
फ्रीजचं हँडल सोडून ती घसरत गेली
ओट्यापर्यंत.

मी दिवा लावला नाही.
"हिरवी किती लांब आहे गं?"
न वळताच.